दोन्ही डाव्या

मानवजातीचा सगळा इतिहास म्हणजे वर चढण्याचा इतिहास होय. माणूस गुहेतून टेकडीवर गेला, टेकडीवरून डोंगरावर, डोंगरावरून थेट चंद्रावर. आणि ज्या दिवशी त्याने पहिली पायरी घडवली, त्याच दिवशी तो खऱ्या अर्थाने माणूस झाला. हे विधान मी केलं तेव्हा शिडीच्या मधल्या दांडीवर अडकलो होतो. वर जाता येईना, खाली उतरता येईना. आमची ही खालून माझी पोटरी धरून उभी होती.

"चंद्रावरून उतरताना आधी डावा पाय टाका," ती म्हणाली.

उतरलो, आणि उतरल्या उतरल्या जाहीर केलं की वरच्या खोलीला मी स्वतः लाकडी जिना करणार.

वरची खोली म्हणजे स्वयंपाकघराच्या डोक्यावरची एकुलती एक खोली. तिला एक खिडकी, एक दार आणि चढायला ही शिडी. आजवर तिथे मोडक्या खुर्च्या राहत. आता लेक यायची होती. लग्नाला बरीच वर्षं झाल्यावर, फारसं काही न सांगता, ती तिकडचं घर सोडून येणार होती. "येते" एवढंच म्हणाली होती. किती दिवस, कशासाठी, हे आम्ही विचारलं नाही आणि तिने सांगितलं नाही. खुर्च्या बाहेर निघाल्या, भिंतींना रंग लागला, आणि लेकीने सामान घेऊन शिडी चढायची हे काही बरं दिसेना.

"सुताराला बोलवा," ही म्हणाली.

सुताराला बोलावलं असतं तर ही गोष्ट इथेच संपली असती. पण मला वाटलं, काहीतरी माझ्या हातचं असावं. जन्मभर मी वर्तमानपत्रात लोकांची थट्टा करून पोट भरलं. समोर दुःखी माणूस आला की मला विनोद सुचतो, आणि तो विनोद गिळायचा म्हटलं की दुसरं काहीच सुचत नाही. मुलीशी काय बोलायचं हे मला येत नव्हतं. जिना करणं त्या मानाने सोपं वाटलं.

माझा मेहुणा हौशी सुतार. त्याच्याकडे राउटर आहे. राउटर म्हणजे लाकडात खाच पाडणारं हातातलं यंत्र. आवाज असा की दाताच्या डॉक्टरला संगीत वाटावं. तो यंत्र घेऊन आला आणि माझे दोन्ही पंजे हातात घेऊन निरखू लागला.

"काय बघतोस?"

"बोटं मोजून ठेवतोय, दाजी. परत नेताना हिशेब लागायला हवा."

जिन्याचं गणित त्याने मला समजावलं, आणि ते मला खरोखर आवडलं. दोन तिरक्या फळ्या, एक डाव्या बाजूची, एक उजव्या बाजूची. दोघींच्या आतल्या अंगाला खाचा. त्या खाचांत पायऱ्यांची टोकं बसवायची आणि खालून पाचर ठोकून घट्ट करायची. सगळ्या पायऱ्या सारख्या उंचीच्या हव्यात. एखादी बोटभर जरी कमीजास्त झाली तरी माणूस अडखळतो, कारण पायाला मोजता येत नसलं तरी आठवत असतं. म्हणून प्रत्येक खाच वेगळी आखायची नाही. प्लायवूडचा एकच साचा करायचा, तो फळीवर शिकंज्याने आवळायचा, राउटर त्याच्या कडेकडेने फिरवायचा, मग साचा पुढच्या खुणेवर सरकवायचा.

"आणि एक," मेहुणा जाताना दारातून म्हणाला. "एक फळी झाली की साचा उलटा करा. पालथा. नाहीतर दोन्ही फळ्या एकाच बाजूच्या होतील. सगळ्यांचं तिथेच चुकतं."

"मी सगळ्यांतला नाही," मी म्हणालो.

डावी फळी अशी झाली की मी तिच्या खाचांवरून चार चार वेळा बोट फिरवलं. दुसरी फळी टेबलावर चढवली, साचा उचलला, आणि फोन वाजला. लेक होती. तिकडून गाड्यांचे आवाज येत होते. मग म्हणाली, "बाबा, मी खरंच येऊ ना? तुम्हाला चालेल ना?"

यावर बापाने काय म्हणायचं असतं हे जगात सगळ्यांना ठाऊक आहे. मी म्हणालो, "ये की. जिन्याचं उद्घाटन करायला कुणीतरी पाहिजेच."

ती हसली नाही. "बरं," म्हणाली आणि फोन ठेवला.

मी परत आलो, साचा आवळला, राउटर सुरू केला आणि एकामागून एक सगळ्या खाचा पाडल्या. भुसा नाकातोंडात जात होता आणि मी मनातल्या मनात तो फोन पुन्हा पुन्हा घेत होतो, दर वेळी वेगळं उत्तर देत. शेवटची खाच झाल्यावर दोन्ही फळ्या शेजारी शेजारी उभ्या केल्या. त्या हुबेहूब सारख्या होत्या. जुळ्या बहिणी. दोन्ही डाव्या.

उजवीच्या जागी, भिंतीला लावून, ती दुसरी डावी धरून पाहिली. चढ अगदी बरोबर. फक्त खाचांची तोंडं माझ्याकडे नव्हती, भिंतीकडे होती. जणू जिना भिंतीच्या पलीकडे बांधायचा होता.

पलीकडे काय आहे? बोळ. एक सायकल जाईल एवढा, आणि त्याच्यावर आभाळ.

त्याच वेळी मेहुण्याला फोन करून "चुकलो" म्हणायला हवं होतं. तो तीन वर्षं हसला असता आणि चौथ्या वर्षी विसरला असता. पण मी गुपचूप नवी फळी आणली, साचा पालथा केला आणि खरी उजवी पाडली. उरली ती चुकलेली. एवढी लांब फळी लपवायची कुठे? कापायची तर करवतीचा आवाज. शेवटी मी ती भिंतीलाच ठोकली, खाचा भिंतीकडे करून, शाळेत कोपऱ्यात उभ्या केलेल्या पोरासारखी. आणि तिच्या पाठीला पाठ लावून खरी उजवी बसवली. वरच्या टोकाला दोन्ही फळ्यांची तोंडं दिसत होती, तिथे एक बारीक पट्टी मारून टाकली.

"उजवीकडे एवढं जाड कशाला?" हिने विचारलं.

"भिंत वाकडी आहे. आधार दिलाय."

भिंत वाकडी होतीच, वरच्या बाजूला बोटभर बाहेर झुकलेली. त्यामुळे ते खोटंही अगदी खोटं नव्हतं. अशा खोट्याचा त्रास जास्त होतो.

लेक आली, जिना चढली, वरून म्हणाली, "छान झालाय, बाबा." मग दार लावून घेतलं.

तेव्हाच मला पहिल्यांदा ऐकू आलं. ती चढत होती तेव्हा तिच्या पावलांबरोबर आणखी एक पाऊल पडत होतं. प्रतिध्वनी किंचित मागून येतो. हे किंचित आधी पडत होतं.

"काय वाजतंय हो?" ही म्हणाली.

"नवीन लाकूड आहे. बसतंय."

लाकूड बसायला एक आठवडा पुरतो असं मेहुणा म्हणतो. पुढच्या आठवड्यात ते बसलं नाही, उलट उठलं. दुपारी जेवणं झाली, लेक वर गेली, हिने स्वयंपाकघर आवरलं आणि घर शांत झालं की जिन्याच्या उजव्या अंगाने कुणीतरी चढू लागे. जिन्यावर कुणी नसे. मी समोरच्या आरामखुर्चीत बसून पायऱ्यांकडे पाहत असे. त्या रिकाम्या, स्वच्छ, माझ्या हातच्या. आवाज त्यांच्यापासून वीतभर अंतरावर, भिंतीच्या आतून किंवा पलीकडून. सावकाश, दमादमाने. वरपर्यंत जाई आणि थांबे. उतरल्याचा आवाज कधीच येत नसे.

बोळात जाऊन पाहिलं. पन्हळीचा पाइप, शेवाळ, एक मांजर. मांजर माझ्याकडे पाहत होतं; मान वर करून भिंतीकडे पाहत असतं तर जरा बरं वाटलं असतं. निदान दोघं झालो असतो.

विवेकी माणसाने अशा वेळी घरात सांगावं. पण सांगायचं म्हणजे आधी फळीचं सांगावं लागणार. भीती आणि लाज यांची माझ्यात रोज दुपारी कुस्ती व्हायची आणि रोज लाज जिंकायची. भुताला मी घरात ठेवून घ्यायला तयार होतो, पण मेहुण्याला हसू द्यायला तयार नव्हतो.

मग एके दिवशी चहाला लेक खाली आली. तिने केस विंचरले होते. कपाकडे बघत म्हणाली, "बाबा, एक सांगू? तुम्ही दुपारी वर येता ना, दाराशी उभे राहता, काही न बोलता. मला कळतं ते. पहिल्यांदा राग यायचा. आता..." ती थांबली. "आता बरं वाटतं. म्हणजे, झोप लागते त्यानंतर."

हिच्या हातातली किटली जागच्या जागी थांबली.

मला म्हणता आलं असतं, मी नाही गं. माझ्या तोंडून आलं, "गुडघे कुरकुरतात, पण येतो आपला."

लेकीने माझ्या हातावर हात ठेवला. ती लहान होती तेव्हापासून तिने हे केलं नव्हतं. तो हात माझ्यासाठी नव्हता, आणि मी तो घेतला.

ती वर गेल्यावर ही म्हणाली, "दुपारी तुम्ही घोरत होता."

"मधे उठलो होतो."

"घोरण्याच्या मधे?"

मी वर्तमानपत्र उघडलं. त्या संध्याकाळी तिने मला नेहमीपेक्षा एक पोळी कमी वाढली आणि मी मागितली नाही.

आता ते खरं करून टाकणं एवढाच मार्ग उरला. आपणच वर जायचं, दाराशी उभं राहायचं, म्हणजे जे बोललो ते मागाहून का होईना खरं ठरेल. दुसऱ्या दुपारी, घर शांत होण्याची वाट न पाहता, मी पहिल्या पायरीवर पाय ठेवला.

पलीकडेही पडला.

मी दुसरा ठेवला. पलीकडेही. माझ्या उजव्या दंडाशेजारी, फळीच्या मागे, कुणीतरी माझ्याबरोबर चढत होतं. घाई नाही, रागही नाही. शेजारून चाललेल्या ओळखीच्या माणसासारखं. अर्ध्यावर माझे पाय थांबले. खरं सांगतो, मी थांबवले नाहीत.

ते थांबलं नाही.

ते माझ्या खांद्यापासून वर गेलं, डोक्यावरून वर, आणि वर दाराशी जाऊन स्थिरावलं.

"बाबा?" आतून लेकीचा आवाज आला. "आज लवकर?"

मी कठड्याला धरून उभा. उत्तर द्यायचं होतं, पण उत्तर माझ्याकडून अपेक्षित नव्हतं. मग लेक हसली. मोकळं, घसा भरून, कुणी काहीतरी छान बोलल्यावर हसावं तसं. माझ्या एवढ्या वर्षांच्या विनोदांना ती अशी कधी हसली नव्हती.

मी पाय न वाजवता खाली उतरलो. भीती वाटत होती म्हणून नव्हे. आपण मधे आलो असं वाटलं म्हणून.

तरी राहवेना. ती आईबरोबर बाजारात गेली त्या दिवशी मी पेचकस घेऊन वर गेलो आणि फळ्यांच्या टोकावरची पट्टी काढली. भिंत झुकलेली, त्यामुळे चुकलेली फळी आणि गिलावा यांच्यामध्ये बोट जाईल एवढी फट होती. सर्वांत वरची खाच तिथेच होती. मी ती रिकामी ठेवली होती. बॅटरी मारली, पण फटीत माझ्याच डोक्याची सावली पडत होती.

मी बोट घातलं.

खाच रिकामी नव्हती.

तिच्यात पायरीचं टोक बसलं होतं. खाली पाचर ठोकलेली, पाचरीच्या कडेने गोंदाचा थेंब बाहेर आलेला. तो अजून चिकट होता. पायरीची कड गोल केलेली, माझ्या कुठल्याही पायरीपेक्षा गुळगुळीत. बोट तिच्यावरून पुढे नेलं तर गिलावा लागायला हवा होता. नाही लागला. लाकूड पुढे जात होतं आणि त्यावर थंड वारा होता.

बोट तिथेच होतं तेव्हा ती पायरी दबली.

अगदी किंचित. वजन पडल्यावर चांगली बसवलेली पायरी जेवढी दबते तेवढीच.

मी बोट काढून घेतलं. पट्टी परत मारली. तिचा एक स्क्रू तिरका गेला, तो तसाच राहिला.

खाली येऊन खुर्चीत बसलो. आता खरं तर मला फक्त भीती वाटायला हवी होती. वाटत होतीच. पण तिच्या वर, दुधावर साय यावी तशी, लाज होती. मी एका फळीवर मेहुण्यापासून तोंड लपवत बसलो होतो, आणि कुणीतरी तीच फळी घेऊन, माझ्याच साच्याच्या खाचा वापरून, माझ्या मुलीपर्यंत पोचलं होतं. मी केलेला जिना माझ्या पायाखाली होता आणि ती वर असताना मी एकदाही तिच्यापर्यंत गेलो नव्हतो.

त्या दोघी बाजारातून आल्या. लेक पिशवी ठेवून वर गेली. ही माझ्याकडे बघून म्हणाली, "चेहरा का असा? कुणी लेख छापायला नकार दिला का?"

"फळी चुकली होती," मी म्हणालो. "उजवीच्या जागी डावी केली. ती आत लपवलीय. भिंत वाकडी वगैरे आधार, सगळं खोटं."

"मला ठाऊक आहे. नव्या फळीची पावती तुमच्या खिशात धुतली गेली." तिने भाजी निवडायला घेतली. "आणि दुपारचं?"

"ते मी नव्हतो."

"मग हे मला कशाला सांगताय? तिला सांगा."

"ती आता कुठे बरी होतेय. हे ऐकून परत..."

"अहो," ही म्हणाली, मान वर न करता, "एकदा तरी चढा."

चढलो. एकट्याने. उजवीकडे काहीच वाजलं नाही, फक्त माझा गुडघा. दार ढकलून आत गेलो. लेक खिडकीपाशी जमिनीवर बसली होती, पाठ उजव्या भिंतीला टेकलेली. मी तिच्यासमोर बसायचा प्रयत्न केला, जमलं नाही, म्हणून खाटेच्या कडेवर टेकलो.

"मला एक सांगायचंय," मी म्हणालो. "आणि मधे विनोद करणार नाही."

"बापरे," ती म्हणाली.

मी सगळं सांगितलं. तिचा फोन, साचा, फळी, ते लपवणं. आणि मग तेही. "दुपारी दाराशी यायचं ते मी नव्हतो. एकदाही नाही. तू हात ठेवलास तेव्हा सांगायला हवं होतं. मला बरं वाटलं म्हणून सांगितलं नाही."

चेहरा पडेल, घाबरेल, रडेल, याची मी वाट पाहत होतो. ती यातलं काहीच करेना.

"मला माहीत होतं, बाबा," ती म्हणाली. "चहाच्या वेळी नव्हतं माहीत. नंतर कळलं. तुमचा गुडघा वाजतो."

"मग? तू काही बोलली का नाहीस?"

"तुम्ही हो म्हणालात ना. म्हटलं, एवढी इच्छा तरी आहे."

मला खाली बघावं लागलं. खोलीत रंगाचा वास अजून होता. तिने मागे न वळता भिंतीवर तळहात टेकवला, कुत्र्याच्या पाठीवर टेकवावा तसा, आणि थोडा वेळ तसाच ठेवला.

"उद्या काढून टाकतो ती फळी," मी म्हणालो. "मेहुण्याला बोलावतो. हसू दे काय हसायचं ते."

"नको."

"अगं, पण..."

"नको, बाबा. खरंच नको." मग जरा अडखळत, लहानपणी सहलीचे पैसे मागायची त्या आवाजात, ती म्हणाली, "त्यापेक्षा एक करता का? पलीकडच्या बाजूलाही एक कठडा बसवा. फार उंच नको. पायरीपासून वीतभर पुरे. त्याचा हात तेवढाच पोचतो."